फूटभर पैसा, जो फूटभर नव्हता

मंडळी, आज थोडं उलटं काम करायचंय. एरवी इथे मी दुसऱ्यांचे पेपर उलगडून सांगते. आज एका वर्णनाची चिरफाड करायची आहे, आणि ते वर्णन माझंच आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वी याच ब्लॉगवर मी एक फोटो टाकला होता. जागा आरे-वारे. रत्नागिरीहून काळबादेवीमार्गे गणपतीपुळ्याला जाताना दोन समुद्रकिनाऱ्यांच्या मधे जो चढ लागतो, जिथे सगळे गाड्या थांबवून सेल्फी काढतात, तिथेच रस्त्याच्या वरच्या अंगाला एका जुन्या गडग्याच्या फटीत मला तो दिसला. फोटोखाली मी लिहिलं होतं: "आरे-वारेत सापडला फूटभर लांबीचा, काळाकुट्ट, हजार पायांचा, विषारी, महाकाय कीटक!" उद्गारचिन्हासकट. पीएचडीचं पहिलं वर्ष होतं, पाऊस होता, आनंद झाला होता. एवढंच काय ते समर्थन.

ती पोस्ट फिरली. माझं नाव गळून पडलं आणि वाक्य तेवढं पुढे गेलं. महिनाभराने आमच्याच एका नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणाच्या तरी अंगणातला फोटो आला. प्लॅस्टिकची बादली, त्यात रॉकेल, आणि रॉकेलमधे वेटोळी करून मेलेले पन्नासेक पैसे. खाली सावधानतेचा इशारा म्हणून माझंच वाक्य जसंच्या तसं. बादलीतले सगळे लहान होते, बोटाच्या पेराएवढे, तांबूस. माझ्या फोटोतल्या प्राण्याशी त्यांचं नातं फार तर लांबच्या भाऊबंदांचं. पण वर्णन इतकं ढिसाळ होतं की ते दोघांनाही बसलं.

तेव्हापासून मी त्या वाक्याकडे परत परत जाते. एकेक शब्द घेऊ.

आधी "कीटक", कारण ते झटपट उरकतं. कीटकाला सहा पाय. पैसा कीटक नाही, तो बहुपादांतला. "किडा" म्हटलं असतं तर चाललं असतं, बोलीत किडा म्हणजे काहीही. पण मी शास्त्राची विद्यार्थिनी म्हणून जड शब्द वापरायला गेले आणि तिथेच घसरले. गोम म्हटलं नाही हे नशीब. बातम्यांमधे पैशाला सर्रास गोम म्हणतात. गोमेला दर कड्याला पायांची एकच जोडी असते, ती धावते, शिकार करते, चावते. पैसा सावकाश चालतो, पातेरा खातो, डिवचलं की गुंडाळी करून नाण्यासारखा पडून राहतो, म्हणून तर पैसा. कुणी त्याला वाणीही म्हणतं. मला ही दोन्ही नावं पुस्तकातल्या "सहस्रपाद"पेक्षा आवडतात, कारण "सहस्रपाद" हे नाव नसून चूक आहे.

आता ते हजार पाय. २०२१पर्यंत जगात ज्ञात असलेल्या एकाही मिलिपीडला हजार पाय नव्हते. त्या वर्षी पश्चिम ऑस्ट्रेलियात खाणीच्या शोधासाठी पाडलेल्या भोकातून, ६० मीटर खोलीवरून मिळालेल्या युमिलिपीस पर्सेफोनी या जातीचं वर्णन प्रसिद्ध झालं. तिच्या एका मादीला १३०६ पाय निघाले. ती मादी दहा सेंटिमीटरसुद्धा लांब नव्हती आणि जाडी एक मिलिमीटरच्या आतच. उलट आफ्रिकेतला आर्किस्पायरोस्ट्रेप्टस गिगास, ज्याच्या एका नमुन्याच्या नावावर ३८.७ सेंटिमीटर लांबीचा विक्रम आहे, त्याचे पाय होते २५६. म्हणजे महाकाय आणि हजार पायांचा ही दोन विशेषणं मी एकाच प्राण्याला लावली तिथेच घोळ होता.

माझ्या प्राण्याचे पाय मी नंतर मोजले. मोजायची पद्धत सोपी आहे, तुम्हीही करू शकता. डोक्यामागचं पहिलं कडं म्हणजे कॉलम, त्याला पाय नसतात. पुढच्या तीन कड्यांना एकेक जोडी. त्यानंतर दर कड्याला दोन जोड्या, कारण तिथे गर्भावस्थेतच दोन खंड जुळून एक कडं झालेलं असतं. माझ्याकडच्या मादीला कॉलम धरून पायांच्या टापूतली कडी ५९. म्हणजे तीन जोड्या, अधिक ५५ कड्यांच्या ११०. एकूण ११३ जोड्या, २२६ पाय. पण हा आकडाही जातीची ओळख म्हणून वापरता येत नाही. पैसा अंड्यातून बाहेर येतो तेव्हा त्याला थोडीच कडी असतात. कात टाकताना मागच्या टोकाला नवी कडी, नवे पाय येतात. एकाच जातीच्या दोन प्रौढांत कड्यांची संख्या थोडीफार वेगळी निघते. म्हणून नीट लिहिलेल्या पेपरात एक आकडा नसतो, अमुक ते अमुक असा पल्ला असतो, किती नमुने मोजले हे असतं, आणि टोकाची पाय नसलेली कडी वेगळी दाखवलेली असतात.

"फूटभर" या शब्दाबद्दल जास्त बोलायला हवं, कारण तो खोटा होता.

मी मोजलंच नव्हतं. मोबाइल अगदी जवळ नेला, मागे धूसर समुद्र, आणि पैसा चांगला सापाच्या पिल्लाएवढा दिसायला लागला. पुढच्या वर्षी त्याच गडग्यात त्याच दिसण्याची मादी मिळाली. व्हर्निअर लावला तेव्हा १४८ मिलिमीटर भरली. सहा इंचांनाही किंचित कमी. आपल्याकडच्या हिशोबात हा प्राणी मोठाच. पण फूट नाही.

मग वाटलं, ठीक आहे, १४८ लिहू. तर तेही नाही! पैशाचं अंग म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्या. चालताना तो ताणला जातो, घाबरला की कडी एकमेकांत शिरतात, अल्कोहोलमधे टाकल्यावर तिसरंच काहीतरी होतं. तोच प्राणी सकाळी आणि संध्याकाळी वेगळा भरतो. म्हणून या क्षेत्रातले जाणकार लांबी सांगतात खरे, पण भरवसा ठेवतात तो जाडीवर, म्हणजे अंगाच्या मध्यावरच्या व्यासावर. कड्याचं कवच कॅल्शियमने टणक झालेलं असतं, ते ताणलं जात नाही. माझ्या मादीचा व्यास ११ मिलिमीटर. "अकरा मिलिमीटर जाडीचा पैसा" अशी पोस्ट कुणी पुढे पाठवली नसती हे मला कळतंय.

आकाराचा मोह फक्त ब्लॉगवाल्यांना होतो असं नाही. २०२१च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावरच्या आर्थ्रोप्ल्यूराबद्दलच्या बातम्या आठवत असतील: गाडीएवढा मिलिपीड, अडीच मीटरच्या वर लांब, पन्नास किलो वजनाचा, तीसेक कोटी वर्षांपूर्वीचा. प्रत्यक्षात २०१८मधे कड्यावरून कोसळलेल्या दगडात मिळाला होता तो पाऊण मीटर लांबीचा तुकडा, बहुधा टाकलेल्या कातीचा. डोकं नाही. २.६ मीटर हा त्या तुकड्याच्या रुंदीवरून काढलेला अंदाज, आणि वजन हा त्या अंदाजावरचा अंदाज. संशोधकांनी हे सगळं पेपरात स्वच्छ लिहिलंय, त्यांच्यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो "अंदाजे" हा शब्द वाटेत कुठे गळतो यावर. बरं, त्या प्राण्याचं डोकं कसं होतं हे कळायला २०२४ उजाडलं, तेही फ्रान्समधल्या काही सेंटिमीटरच्या पिल्लांच्या जीवाश्मांवरून. जगातला सगळ्यात मोठा संधिपाद कसा दिसायचा हे सगळ्यात छोट्या नमुन्यांनी सांगितलं.

परत आरे-वारेला. "काळाकुट्ट." ओला होता म्हणून काळा दिसला. कोरडा झाल्यावर तो गडद तपकिरी, दर कड्याच्या मागच्या काठाला पिवळट कड, पाय मधाच्या रंगाचे. आता हे बरोबर का? आज बरोबर आहे. ती मादी अल्कोहोलमधे ठेवून दीड वर्ष झालं. पिवळी कड गेली, पाय फिक्कट मातकट झाले, अंग सरसकट काळसर तपकिरी. माझ्यानंतर कुणी ती बाटली उघडून वर्णन लिहिलं तर तो माणूस प्रामाणिकपणे वेगळाच प्राणी लिहील.

आणि इथे माझी पोस्ट सोडून एका मोठ्या वर्णनाकडे वळते, कारण नेमकं हेच घडलेलं आहे. १८४४मधे जॉर्ज न्यूपोर्ट यांनी ब्रिटिश म्युझियमच्या कपाटांतल्या मिलिपीडांची यादी छापली. नियतकालिकाची मोजकी पानं आणि त्यांत तब्बल ४७ नव्या जाती. प्रत्येकीच्या वाट्याला काही ओळी. न्यूपोर्ट हा लेचापेचा माणूस नव्हता. शल्यवैद्य होता, बहुपादांच्या शरीररचनेवर त्याने केलेलं काम आजही आदराने पाहिलं जातं. पण त्या यादीतली वर्णनं आज वाचायला घेतली की माझी पोस्ट आठवते. लांबी, रंग, कड्यांची संख्या. म्हणजे वर ज्या तीन गोष्टींवर भरवसा ठेवू नये म्हणून मी हजार शब्द खर्च केले, त्याच तीन. तीही कपाटातल्या, रंग उडालेल्या नमुन्यांवरून.

त्या यादीतला एक भारतीय मिलिपीड मोठा बोलका आहे. न्यूपोर्टने त्याला नाव दिलं स्पायरोस्ट्रेप्टस नायग्रोलॅबिएटस, "काळ्या ओठांचा". आज त्याचं नाव आहे फायलोगोनोस्ट्रेप्टस नायग्रोलॅबिएटस. जातीचं नाव ओठाच्या रंगावरून, आणि नंतर आलेल्या प्रजातीच्या नावात "फायलो" म्हणजे पान आणि "गोनो" म्हणजे जननाशी संबंधित. एकाच नावाच्या दोन शब्दांत पाहण्याच्या दोन पद्धती. पहिली कपाटासमोर उभं राहून पाहणाऱ्याची, दुसरी मायक्रोस्कोपखाली नराचं सातवं कडं उघडणाऱ्याची.

सातवं कडं म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. मोठ्या दंडगोल पैशांमधे प्रौढ नराच्या सातव्या कड्यावरचे पाय चालायचे राहत नाहीत. आठव्या जोडीचं रूपांतर मादीकडे शुक्रजंतू पोचवणाऱ्या अवयवात होतं, नववी जवळजवळ नाहीशी होते. याला गोनोपॉड म्हणतात, मी जननपाद म्हणते. आपल्याकडचे बहुतेक मोठे दंडगोल पैसे हार्पागोफोरिडी या कुळातले. बाहेरून ते एकमेकांसारखे काळपट, गुळगुळीत. जननपाद मात्र प्रत्येक जातीचे वेगळे: कुठे पानासारखा पसरलेला भाग, कुठे आकडा, कुठे काटा, कुठे पीळ. कुलपं सारखी दिसली तरी किल्ल्या वेगळ्या असतात तसं. मराठीत म्हण आहे, गोमेचा एक पाय मोडला तरी ती लंगडी होत नाही. पैशाच्या बाबतीत सातव्या कड्यावरची ती एक जोडी हरवली तर अख्खा प्राणी बेनाव होतो.

न्यूपोर्टच्या काळी ही पद्धत रुळलेलीच नव्हती, त्यामुळे त्याला दोष देणं म्हणजे आजोबांना मोबाइल येत नाही म्हणून हसणं. पण परिणाम आपण भोगतोय. पुढे १९३६मधे कार्ल आटेम्स या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात "डिप्लोपोडा ऑफ इंडिया" हा मोठा प्रबंध छापला. माझ्या टेबलावर त्याच्या झेरॉक्सचा गठ्ठा कायम उघडा असतो. जननपादांच्या त्याच्या रेखाकृती पाहत बसाव्यात अशा आहेत, नेमक्या ठिकाणी रेघ थांबवणाऱ्या. मला त्यात खटकतं ते दुसरंच: जिवंत प्राणी त्यात कुठे नाही. तो पातेऱ्यात होता की झाडावर, दिवसा फिरत होता की रात्री, ओला असताना कसा दिसायचा? बाटलीतून जेवढं दिसतं तेवढं आटेम्सने लिहिलं, अप्रतिम लिहिलं, पण आरे-वारेच्या गडग्यासमोर उकिडवं बसलेल्या माणसाला त्यातून ओळख पटत नाही. २०१६मधे गोलोवाच आणि वेसेनर यांनी भारतातल्या मिलिपीडांची जी यादी केली त्यात सुमारे २७० जाती आहेत. यादी फार उपयोगाची आहे, रोजच्या रोज उघडते. पण त्यातली कितीतरी नावं अशाच जुन्या, त्रोटक वर्णनांच्या पायावर उभी आहेत हे विसरून चालत नाही.

दरवेळी कुणीतरी विचारतं, मग डीएनए करून टाक ना. करतेय. पण डीएनएचा तुकडा स्वतःचं नाव सांगत नाही. तो ज्याच्याशी जुळवायचा तो नमुना आधी कुणीतरी बरोबर ओळखलेला लागतो. म्हणजे फिरून सातवं कडंच.

आणि एक गंमत, जी मला स्वतःला उशिरा कळली. प्राण्यांच्या नामकरणाची जी आंतरराष्ट्रीय संहिता आहे, तिच्या तेराव्या कलमानुसार १९३०नंतर प्रसिद्ध झालेल्या नव्या नावासोबत त्या जातीचं वेगळेपण सांगणारं वर्णन शब्दांत असावं लागतं. नुसता फोटो चालत नाही, मग तो कितीही सुंदर असो. १९९९नंतरच्या नावांसाठी तर मूळ नमुना कोणता आणि तो कुठल्या संग्रहात आहे किंवा ठेवणार, हेही स्पष्ट लिहावं लागतं. आपल्याकडे जैवविविधता कायदा, २००२ तेच सांगतो: नवी जात सापडली तर नमुना अधिकृत संग्रहात जमा करा. कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात असण्याच्या काळात नियम अजून शब्दांवर अडून बसलाय, याचं मला आधी हसू आलं होतं. आता येत नाही. फोटोत सगळं दिसतं, पण काय महत्त्वाचं आणि काय नाही हे फोटो सांगत नाही. "वेगळेपण सांगणारं" हे शब्दांनाच करावं लागतं.

राहिला "विषारी". हा शब्द मी लिहिला नसता तर ती बादली भरली नसती, म्हणून तो शेवटी ठेवला. पैसा चावत नाही, डंख मारत नाही, त्याच्याकडे त्याचं साधनच नाही. सहाव्या कड्यापासून मागे दोन्ही बाजूंना बारीक छिद्रं असतात. दाबलं की त्यांतून क्विनोन गटातली रसायनं बाहेर येतात. वास उग्र, आयोडिनच्या आसपासचा. बोटाला लागलं तर तपकिरी डाग पडतो. माझा आठवडाभर होता. डोळ्यात गेलं तर मात्र चांगलीच आग होते, लगेच भरपूर पाण्याने धुवून डॉक्टर गाठावा. तर काय लिहायला हवं होतं? "हाताळल्यावर हात धुवा, डोळ्याला लावू नका, लहान मुलांना देऊ नका." मराठीत विषारी या एकाच शब्दात चावून मारणारा साप आणि खाल्ला तर बाधणारा धोतरा दोन्ही बसतात. ऐकणारा साप ऐकतो.

"मराठवाड्यात वाणी सोयाबीनची कोवळी रोपं खाते, तिथल्या शेतकऱ्याला काय सांगशील?" असं एका वाचकाने मागे विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे, उपद्रव खरा आहे. पण तिथेही आधी कुठली वाणी हे कळायला हवं. सल्ल्यात ते बहुधा नसतं, "वाणी" एवढंच असतं. काजूच्या बागेतला पातेरा खाऊन त्याची माती करणारा आणि रोप कुरतडणारा, दोघांना एकच नाव आणि एकच फवारणी.

आता माझं खरं दुखणं. गेल्या वर्षी मी या प्राण्याचं रीतसर वर्णन लिहायला घेतलं. चार पानं झाली. गाईडनी परत पाठवलं, समासात एकच ओळ: "हे वर्णन निम्म्या कुळाला लागू पडेल." वाईट वाटलं, चिडचिड झाली, मग परत वाचलं तेव्हा पटलं. गुळगुळीत, तपकिरी, दंडगोल, पाय मधाळ. त्यात असं एकही वाक्य नव्हतं जे वाचून कुणी म्हणेल, हा नव्हे, तो दुसरा. कारण माझ्याकडे तीन नमुने आहेत: दोन माद्या आणि एक अर्धवट वाढलेला नर, ज्याचे जननपाद अजून नुसते कोंब आहेत. प्रौढ नर नाही. दोन पावसाळे मी त्या चढावर मिरग लागल्यापासून जाते, रात्री बॅटरी घेऊन गडगे पालथे घालते (बरोबर भाऊ असतो, तो गाडीत बसून कंटाळतो), सुरूच्या बनातला पाला चाळते. रस्त्यावर चिरडलेले दिसतात. त्यांतले काही नर असणार. सातवं कडं टायरखाली गेलेलं असतं.

त्यामुळे बाटलीवरची चिठ्ठी सध्या अशी आहे: "हार्पागोफोरिडी, जात अनिश्चित. मादी. आरे-वारे, जि. रत्नागिरी. जांभ्याच्या गडग्याच्या फटीत, रात्री, पावसात. कडी ५९ अधिक पाय नसलेलं १ आणि शेपटाकडचा खंड. मध्यावर व्यास ११ मिमी. जिवंतपणी: गडद तपकिरी, कड्यांच्या मागच्या काठाला पिवळट कड, पाय मधाच्या रंगाचे." जुनी पोस्ट मी काढलेली नाही. तिच्यावर मोठ्या अक्षरात दुरुस्ती टाकली आहे आणि या लेखाचा दुवा दिला आहे.

रत्नागिरी, गणपतीपुळे, जयगड, पावस या बाजूला तुम्हाला असा जाड पैसा दिसला तर एक काम करा. मारू नका. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, मला तेवढी पट्टी पुरते. पाठीचा फोटो काढा. मग काडीने अलगद उलटा करा, तो गुंडाळी करेल, दोन मिनिटं थांबा, सुटेल. डोक्यामागच्या बिनपायाच्या कड्यापासून मोजत सातव्या कड्यापर्यंत या. तिथे पाय असतील तर मादी किंवा पिल्लू, जाऊ द्या. पायांच्या जागी खाच दिसली तर खालच्या बाजूचा फोटो काढा, जागा नीट लिहून ठेवा, आणि तो कुठे गेला ते बघून ठेवा. मी येते.